काळ्या कागदावरची पांढरी अक्षरं

पत्रक कसं लिहायचं ते मी सतराव्या वर्षी शिकले. घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या मंडळाचा नियम होता. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत त्याने काय केलं, तिसऱ्या ओळीत लोकांनी काय करायचं. वाचणारा माणूस रस्त्यात उभा असतो, हातात पिशवी असते, चौथ्या ओळीपर्यंत तो थांबत नाही. या नियमाने मी नळाच्या पाण्यावर लिहिलं, रेशनच्या गव्हातल्या खड्यांवर लिहिलं, बोगस डॉक्टरांवर लिहिलं. मला वाटायचं, दोषी सापडणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. लोकांना सांगायची हिंमत होत नाही एवढंच.

आता मी बत्तीस वर्षांची आहे आणि गेली आठ वर्षं अंधेरीतल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या रुग्णालयात औषधाच्या खिडकीवर बसते. फार्मासिस्ट म्हणून. लोक कंपाउंडरबाई म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. खिडकी मोठी नाही, पण तिच्यातून बरंच काही आत येतं. एकदा एका गृहस्थांनी डोळ्यात घालायला गावाकडचा मध आणला आणि मी तो शुद्ध आहे की नाही ते तपासून द्यावं म्हणून ते अडून बसले. एक बाई शेजारणीचे थेंब मागायला आली. "तेच द्या, तिला लागू पडले." म्हटलं, शेजारणीला काचबिंदू होता, तुम्हाला रांजणवाडी आहे. "मग काय झालं, डोळा तो डोळाच ना?" यावर मी पूर्वी अर्धा तास बोलले असते. आता कागद बघते, थेंब देते, पुढचा नंबर पुकारते.

पण जी गोष्ट सांगायची आहे ती मधाची नाही, बुरशीची आहे.

भाकरीला बुरशी येते, चामड्याच्या चपलेला येते, तशी डोळ्यालाही येते. अंधेरीच्या पूर्वेला, मरोळ-कोंडिविट्याच्या बाजूला त्या वेळी भातशेती होती. कापणीच्या दिवसांत भाताचं पातं नाहीतर कुसळ डोळ्याला लागतं. चरा इतका बारीक, की माणूस डोळा चोळतो आणि कामाला लागतो. त्या चऱ्यात बुरशी रुजते. दहाबारा दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग दिसतो. तो हळूहळू वाढतो. त्याला घाई नसते.

खरी वाट लागते ती मधल्या दिवसांत. डोळा लाल झाला की माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार स्टेरॉइडचे थेंब देतो. त्या थेंबांनी लाली जाते, दुखणं थांबतं, दोन दिवस छान वाटतं. आत बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. याच्यावर मी पत्रक काढलं होतं. पहिली ओळ: "दुकानदार तुमचा डोळा घालवतोय." बाजारात उभी राहून स्वतः वाटलं. आठवड्याने एका दुकानदाराने मला हाक मारली.

"बाई, तुमची पत्रकं अजून आहेत काय?"

"कशाला?"

"कागद चांगला आहे. पुड्या बांधायला बरा पडतो."

चेष्टा करतोय असं वाटलं मला. तो खरंच बांधत होता.

आता औषधाचं सांगते. थोडं किचकट आहे, पण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बुरशी बुबुळ पार करून डोळ्याच्या आत उतरली, की वरून थेंब घालून भागत नाही. त्या काळी नुकतंच असं निघालं होतं की औषध बारीक सुईने थेट डोळ्याच्या आत सोडायचं. औषधाचं नाव अ‍ॅम्फोटेरिसिन. पिवळी भुकटी, छोट्या कुपीत, बर्फाच्या कपाटात ठेवायची, उजेड लागू द्यायचा नाही. सलाइनमध्ये कालवली तर नासलेल्या दुधासारखी फुटते, म्हणून आधी शुद्ध पाणी, मग ग्लुकोजचं पाणी. आणि हे औषध बुरशीला मारतं तसं डोळ्याच्या पडद्यालाही मारतं. ज्या पडद्यावर आपल्याला दिसतं, त्यालाच. वाचवणारा डोस आणि आंधळं करणारा डोस यांच्यामध्ये फार थोडी जागा आहे.

आमचे डॉक्टर एका वेळी पाच मायक्रोग्रॅम देत. कुपीत असतं पन्नास मिलिग्रॅम. म्हणजे एका कुपीत दहा हजार डोळ्यांचं औषध. एवढंसं मोजणारा तराजू नाही. म्हणून दोनदा पातळ करायचं. कुपीत दहा मिलिलिटर पाणी घातलं की झाला जहाल द्राव. त्यातला मिलिलिटरचा फक्त दहावा भाग घेऊन तो पुन्हा दहा मिलिलिटर करायचा, तो पातळ द्राव. या पातळातलाही मिलिलिटरचा दहावा भागच डोळ्यात जातो. थेंबाएवढाच. चुकून जहालातला तेवढाच थेंब गेला, तर डोस शंभर पट.

हे मला सामंतकाकांनी शिकवलं. सामंतकाका आमचे थोरले फार्मासिस्ट, कुडाळचे, रुग्णालय पत्र्याच्या शेडमध्ये होतं तेव्हापासूनचे. त्यांचा नियम होता, प्रत्येक पायरीला मोठ्यांदा बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकून पुन्हा म्हणायचं. "दहा घातलं." "दहा घातलं." मला हे बालवाडीसारखं वाटायचं. ते म्हणायचे, "गो बाय, हात खोटा बोलता, तोंड खोटा बोलता, दोघांनी मिळून खोटा बोलूक वेळ लागता."

आणखी एक रीत होती, ती फक्त त्यांची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती. उरलेलं फेकायचं नाही. कुपी मिळायला महिना महिना लागायचा. एकाचा डोळा झाला आणि बाकीचं मोरीत ओतलं, हे कोणाच्याच मनाला पटायचं नाही. म्हणून जहाल द्राव एका छोट्या बाटलीत आठवडाभर ठेवायचा, पातळ त्या दिवसापुरता दुसऱ्या बाटलीत. बाटल्या एकसारख्या, पेनिसिलिनच्या धुतलेल्या. उजेड लागू नये म्हणून दोन्हींना एक्स-रेच्या फिल्मबरोबर येणारा काळा कागद गुंडाळायचा.

थंड काचेवर शाई टिकत नाही, चिकटपट्टी ओलसर होऊन गळते. काका पेन्सिलीने खुणा करायचे, त्या कोणाला वाचता यायच्या नाहीत. मग मी सुधारणा केली. मला फलक रंगवायची सवय. मी पोस्टरचा पांढरा रंग आणला आणि काळ्या कागदावर सुबक, ठसठशीत अक्षरं काढली. एका कागदावर 'जहाल', एकावर 'पातळ'. दहा फुटांवरून वाचता येईल असं. डॉक्टर म्हणाले, "झकास." काका म्हणाले, "निवडणुकीक उभी केलंय काय बाटली?" मला फार अभिमान वाटला होता.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षीचा दसरा. त्या वर्षी तो उशिरा आला होता, हळव्या भाताची कापणी चालू झाली होती. कोंडिविट्याहून पास्कल आला. पन्नाशीचा, उंच, दंडावर जुनी जखम. सोबत बायको फिलोमिना, तिला सगळे फिलू म्हणत. गावातली जुनी ख्रिस्ती कुटुंबं, बोली मराठी, रविवारी चर्च आणि बाकी सहा दिवस चिखल. पास्कलचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला होता. कुसळ लागलं ते उजव्याला. म्हणजे त्याच्याकडे जो एक डोळा होता, त्याला.

फिलूने खिडकीतून थेंबांची बाटली पुढे केली. माझ्याच पत्रकात गुंडाळलेली.

"हा कागद तुमचाच ना, बाय? खाली या हास्पिटलचा नाव हाय."

"वाचला नाही का?"

पास्कल मागून म्हणाला, "वाचला ना. मी सातवी हाय. पन थेंब घातलं आन दोन दिस माना बरा वाटला. मंग मी हिला बोललो, कागदवाली खोटा बोलते."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी कागद वाचाला दिसत नव्हता."

फिलू त्याच्यावर उखडली. "हसतो काय रे मेल्या? एक दिवा व्हता घरान, त्यो पन घालवून बसला."

डॉक्टरांनी बघितलं. बुरशी आत उतरली होती. पाच मायक्रोग्रॅम. औषध मी केलं, काका समोर उभे राहून प्रत्येक शब्द पुन्हा म्हणाले. सुई दिली. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पास्कल खाटेवरून म्हणाला, "खिडकीला गज किती हायत, सांगू?" आणि बरोबर सांगितले. फिलूने खिडकीजवळ जाऊन बोट लावून स्वतः मोजले, मग ती जिन्यात जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, अजून एक सुई लागेल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देऊ.

दसऱ्याला आम्ही धम्मदीक्षेच्या दिवसासाठी नागपूरला जातो. आईला दोन वर्षं नेलं नव्हतं, रजा आधीच मंजूर होती. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी निघायचं होतं. दुपारी काका म्हणाले, "पास्कलचा पातळ तूच करून जा गो. माझो हात थरथरता."

पातळ केलेला द्राव त्याच दिवशी वापरायचा असतो. मला ते माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. पण त्यांचा हात थरथरतो हे मी खरं मानलं, निवृत्तीला तीन महिने राहिले होते, आणि माझी गाडी संध्याकाळी होती. मी करून ठेवलं. जुनी जहालची बाटली वरच्या फळीवर, नवी पातळची खालच्या फळीवर. दोन्हींना आपापला काळा कागद.

मी निघताना काका पूजेची तयारी करत होते. खंडेनवमीला आमच्याकडे चिमटे, कात्र्या, सुया, खल, सगळं मांडून पूजा होते. बर्फाच्या कपाटालाही हार घालतात. माझं आणि काकांचं यावरून दर वर्षी वाजायचं. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

"काका, त्या कपाटात दोन बोटं बर्फ साचलाय, खाली शेवाळ आलंय. त्यावर हार घालणार? एकदा आतून पुसा, मग करा पूजा. देवालाही वास येत असेल."

ते हसले. "पुसतंय गो बाय. तू परत येयपर्यंत आरशासारखा करून ठेवतंय."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कामावर आले. कपाट खरोखर आरशासारखं होतं. दांड्याला झेंडूचा हार, पाकळ्या सुकलेल्या. वॉर्डात गेले तर पास्कल भिंतीकडे तोंड करून पडला होता. फिलू म्हणाली, "दुसरी सुई दिली आन त्या सांजपासून कालोख. आदी गज दिसत होते, आता खिडकीच दिसत नाय." डॉक्टरांनी आत पाहिलं होतं. पडदा गेला होता. ते म्हणाले, बुरशी, दुसरं काय. असं होतं कधी कधी.

होतं हे मलाही माहीत होतं. तरी मी खाली आले आणि कपाट उघडलं. संशय आला होता असं आता म्हणता येईल, पण तसं काही नव्हतं. सवय होती म्हणून उघडलं. 'पातळ' काढली, आत किती उरलंय बघायला कागद सोडला.

द्राव पिवळा होता. पातळ केलेला द्राव जवळजवळ पाण्यासारखा दिसतो. मग 'जहाल' काढली, तिचा कागद सोडला. आत स्वच्छ पाणी, मी भरलं होतं तेवढंच, थेंबही कमी नाही.

काका खलबत्ता पुसत होते. मी दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे टेबलावर ठेवल्या.

"हे कागद तुम्ही काढले होते?"

"काढल्लय. बर्फ वितळलो, कागद भिजले. तुझी अक्षरां खराब होतीत म्हणान खिडकीत सुकत घातले."

"आणि परत घालताना?"

त्यांनी एक बाटली उचलली, खिडकीकडे धरली. मग दुसरी.

"काका, यातली पिवळी कुठली?"

त्यांनी दोन्ही बाटल्या डोळ्यांजवळ आणल्या.

"माका दोनव पिवळ्योच दिसतत."

चाळीस वर्षं डोळ्यांच्या औषधात घालवलेल्या माणसाला मोतीबिंदू होता आणि तो त्याने कोणाला सांगितला नव्हता. निवृत्तीनंतर करून घेणार होते. मोतीबिंदूतून सगळंच पिवळसर दिसतं, म्हणून तर 'हात थरथरता' सांगून ते माप माझ्याकडून करून घेत होते. आणि सुईच्या दिवशी नियम मोडला नव्हता. काकांनी बाटली हातात घेऊन मोठ्यांदा वाचलं, "पातळ." सिस्टरने वाचलं, "पातळ." डॉक्टरांनी वाचलं. थेंबाएवढ्या औषधाचा रंग सिरिंजमध्ये कोणाच्या लक्षात येणार? तिघांनी वाचलं आणि तिघांना नीट वाचता आलं, कारण अक्षर माझं होतं. मी औषधाचं नाव बाटलीवर लिहिलंच नव्हतं. बाटलीच्या कपड्यावर लिहिलं होतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन्ही बाटल्या पाहिल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही काय करणार आहात?"

"लिहिणार."

"लिहा. पण एक समजून घ्या. हे बाहेर गेलं तर ही सुई बंद होईल. आमचे विश्वस्त बंद करतील, दुसरीकडचेही घाबरतील. मग पुढचा पास्कल येईल, त्याला द्यायला माझ्याकडे काय असेल? थेंब?"

"आणि या पास्कलला काय सांगायचं?"

"कदाचित त्याचा डोळा तसाही गेला असता."

"त्याला गज दिसत होते, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नंतर एवढंच म्हणाले, "मला माहीत आहे."

घरी येऊन कागद घेतला. रागाने लिहायला मला वेळ लागत नाही. पहिली ओळ: दोषी कोण. सामंत, फार्मासिस्ट, मोतीबिंदू लपवला. खोडलं. अमुक रुग्णालयाचे विश्वस्त, औषध पुरेसं आणत नाहीत म्हणून उरलेलं साठवावं लागतं. हे खरं होतं, पण कागद त्यांनी बदलले नव्हते. खोडलं. पूजा. अंधश्रद्धेने डोळा घेतला, हे तर आमच्या मंडळात लगेच चाललं असतं, टाळ्या पडल्या असत्या. पण पूजेने काही केलं नव्हतं. पुसण्याने केलं होतं, आणि पुसा असं मी सांगितलं होतं. खोडलं. त्या एका संध्याकाळी अर्धी वही संपली. आई म्हणाली, "एवढं काय लिहितेस गं, कोर्टात जायचंय का?"

चार दिवसांनी पास्कलला घरी सोडलं. पुढच्या रविवारी दुपारी मी कोंडिविट्याला गेले. कोणी पाठवलं नव्हतं. साकीनाक्यावरून बस, मग चालत. अंगणात सारवलेल्या जमिनीवर भात पसरलेला होता आणि पास्कल सुपात भात घेऊन बोटांनी खडे वेचत होता. खडे सापडत होते. फिलू कोंबड्या हाकत होती.

"कोन हाय?" पास्कल.

"कागदवाली," फिलू म्हणाली आणि मला पाट दिला.

मी सगळं सांगितलं. पत्रकात सांगतात तसं नाही, मागचं पुढे, पुढचं मागे. बाटल्या, कागद, रंग, कपाट पुसा म्हटलं ते, तीन दिवस आधी करून ठेवलं ते, नागपूर. काकांच्या मोतीबिंदूचंही सांगितलं. सुपातली बोटं थांबली नाहीत. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं.

"म्हंजे बुरशीनं गेला नाय," शेवटी तो म्हणाला.

"नाही. बहुतेक नाही. औषधाने गेला."

"तो म्हातारा. सामंत. त्याला कलला काय, तू माना सांगाला आलीस?"

"नाही सांगितलं."

"बरा केलास."

फिलू मधेच म्हणाली, "बरा काय केला? तुजा डोला गेला आन तू त्याचा बगतोस?"

"तू चूप गं जरा." मग माझ्याकडे तोंड करून, माझ्या थोडं डावीकडे बघत, त्याने विचारलं, "ती बाटली आजून कोनाला टोचली?"

"नाही. कोणालाच नाही."

"मंग फेकली?"

मी म्हटलं, "नाही. दोन्ही बाटल्या तशाच ठेवल्यात. पुरावा आहे. उद्या कोणी नाकबूल केलं तर दाखवता येईल."

"कुठं ठेवल्यास?"

"कपाटात. बाहेर ठेवलं तर औषध खराब होईल, मग पुरावा राहणार नाही."

सुपातली बोटं आता थांबली.

"कंच्या कपाटान?" फिलूने विचारलं.

रुग्णालयात बर्फाचं कपाट एकच होतं. त्यातल्या वरच्या फळीवर मी दोन बाटल्या पुन्हा काळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. जशा सापडल्या तशाच, कागद अदलाबदल केलेलेच, कारण पुराव्याला हात लावायचा नसतो हे मला मंडळाने शिकवलं होतं. त्यातल्या एकीवर माझ्या सुबक अक्षरात 'पातळ' लिहिलेलं होतं. आत जहाल होतं. आणि रविवारी आमच्याकडे तातडीच्या केसेस येतात.

पास्कल म्हणाला, "बाय, तू भांडाला बस नंतर. आदी जा आन ती फेक."

मी उठले. किती वेळ बसची वाट पाहिली आणि कधी अंधेरीला उतरले ते आठवत नाही, धावल्याचं आठवतं. खिडकीवर सामंतकाका होते, रविवारची पाळी. "काय गो, काय झाला?" मी कपाट उघडलं. बाटल्या होत्या. दोन्ही. पातळी तीच. वॉर्डातून विचारून आले, सकाळपासून कोणाला सुई दिली नव्हती. मी कागद सोडले, फाडले. बाटल्या मोरीपाशी नेल्या, नळ सोडला.

"काका, इकडे या. बघा. मी फेकतेय."

ते आले. डोळे बारीक करून उभे राहिले.

"फेकलं," मी म्हटलं.

त्यांचा जुना नियम, पण या वेळी ते माझे शब्द परत म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाहिलं." मग नळाच्या धारेकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं, "ऐकलं तरी. दिसणा नाय माका."

पत्रक शेवटी निघालं. सायक्लोस्टाइलवर, एकच पान. पहिली ओळ होती: "ही चूक मी केली." दुसऱ्या ओळीत काय केलं ते. तिसरीत: औषधाचं नाव तेलरंगाने थेट बाटलीवर लिहा, आवरणावर नको, त्याच दिवशी करा, उरलेलं दुसऱ्याच्या समोर फेका. उपनगरात जिथे जिथे डोळ्यांचं औषध तयार करत तिथे पाठवलं. पास्कलचं नाव घातलं नाही, सामंतकाकांचंही नाही. विश्वस्तांनी मला ताकीद दिली. मंडळातले मित्र म्हणाले, तू स्वतःवरच पत्रक काढलंस, याने चळवळीचं काय भलं होणार? दोन ठिकाणांहून उत्तर आलं, एकाने कागदाचा दर विचारला होता. डॉक्टरांनी सुई बंद केली नाही आणि विश्वस्तांना मी सांगितलेलं खरं आहे असं लिहून दिलं. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

काका निवृत्त झाले. मोतीबिंदू आमच्याकडेच काढला. जाड चष्मा लावून पहिल्यांदा खिडकीपाशी आले तेव्हा कपाटाकडे बघून म्हणाले, "पांढरा हा गो ता. माका इतकी वर्सां पिवळा वाटायचा." मी हसले नाही. तेही हसले नाहीत. नंतर कुडाळला गेले, वर्षातून एक पत्र येतं.

आता कुप्या थोड्या बऱ्या मिळतात. दर वेळी नवीन करतो, दर वेळी उरलेलं ओततो. मोरीत जाणाऱ्या पिवळ्या पाण्याकडे बघून अजून जीव तुटतो, इतक्या वर्षांत सवय झाली नाही. स्टेरॉइडचे थेंब अजून दुकानात कागदाशिवाय मिळतात. बुबुळावर पांढरा डाग घेऊन अजून माणसं येतात, उशिरा येतात, आणि मी तेच बोलते. कधी कधी माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. पण सुई देताना आमच्याकडे आणखी कोणाचा डोळा अजून तरी या कारणाने गेलेला नाही. हेही कोणाला सांगताना मी हळू सांगते.

पास्कल दर दोन-तीन महिन्यांनी येतो. गेलेला डोळाही दुखतो, त्याची तपासणी असते. फिलू रांगेत उभी राहते आणि तो माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसतो, कारण तिथे वारा येतो असं त्याचं म्हणणं आहे. वारा तिथे येत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. माझ्या हाताखाली नवीन फार्मासिस्ट आली आहे, हुशार आहे, चटपटीत आहे, आमच्या या बोलण्याला मनातून हसते. एका बाईच्या डोळ्याचं औषध करून झालं. मी उरलेलं मोरीत ओतलं आणि म्हटलं, "फेकलं." नवीन मुलगी पाठमोरी होती, लेबलं लिहीत होती, बाटल्यांवर, मी शिकवलं तशी. ती काही बोलली नाही. मीही दमले होते. नळ बंद केला आणि पुढचा कागद हातात घेतला.

खिडकीच्या खालून आवाज आला.

"कोनी बगितला?"

नवीन मुलीने दचकून मान वळवली. मोरी रिकामी होती, काय बघणार? मी पुढचा कागद खाली ठेवला. फेकलेली बाटली पुन्हा उचलली, तिच्या हातात दिली, उजेडाकडे धरायला लावली, उलटी करायला लावली. आत काही नव्हतं.

"पाहिलं," ती म्हणाली.

"जोरात बोल," मी म्हटलं. "त्यांना दिसत नाही."